दहाच्या अ‍ॅरेत पंधरा अक्षरं

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी भाषेच्या प्रॅक्टिकलला नाव घ्यायला दहा अक्षरांच्या जागेचा कॅरेक्टर अ‍ॅरे केला आणि टाइप केलेली ओळ वाचणारं गेट्स फंक्शन वापरलं. पंधरा अक्षरं टाकली तरी आउटपुट बरोबर आलं! कॉलेजचा जुना कंपायलर टर्बो सी काहीच बोलत नाही, पण घरी जीसीसी या नव्या कंपायलरवर गेट्स धोकादायक आहे अशी वॉर्निंग येते. मित्र म्हणतात एरर तर नाही ना, मग सोड. सोडू का?

उत्तर : अजिबात नको. ती अक्षरं मावली नाहीत, बाहेर सांडली. सी अ‍ॅरेची हद्द तपासत नाही, आणि गेट्सला अ‍ॅरे केवढा आहे हे सांगायची सोयच नाही, एंटर येईपर्यंत ते नुसतं लिहीत सुटतं. दहाच्या अ‍ॅरेत खरी अक्षरं नऊच, दहावी जागा नलची, म्हणजे स्ट्रिंग संपल्याच्या खुणेची, बाकी सगळं शेजारच्या मेमरीत. तिथे कामाचं काही नसेल म्हणून तुझं निभावलं, पण हा अ‍ॅरे ज्या मेमरीत असतो त्याच स्टॅकवर फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो रिटर्न अ‍ॅड्रेसही असतो, आणि इनपुट देणाऱ्याने मोजूनमापून तो बदलला की प्रोग्राम तुझा राहत नाही, त्याचा होतो.

हे नुसतं पुस्तकातलं नाही रे. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने, म्हणजे मशीनवरून मशीनवर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सर्व्हरच्या ५१२ बाइटच्या बफरमध्ये (तोही अ‍ॅरेच) ५३६ बाइट पाठवले, वाचणारं फंक्शन गेट्सच होतं, आणि अमेरिकेतली हजारो मशीन त्याने लोळवली. शेवटी सी भाषेच्या २०११ च्या स्टँडर्डमधून गेट्स काढूनच टाकलं. टर्बो सी त्याच्या कितीतरी आधीचं, म्हणून ते गप्प असतं. मुलांना अजून त्याच्यावर शिकवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाचतानाही हीच गत. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा डेटा गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष सापडला, त्यात समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवली जायची, एका वेळी ६४ केबीपर्यंत, कधी त्यात लोकांचे पासवर्डसुद्धा.

तू एफगेट्स वापर, त्याला साइज द्यावी लागते. स्कॅनएफमध्ये नुसतं टक्के एस लिहिलंस तर तोच घोळ, दहाच्या अ‍ॅरेला टक्के नऊ एस लिही. जीसीसीला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीची हद्द तपासणारी सोय, लावून तोच प्रोग्राम पंधरा अक्षरांनी चालव, हद्द ओलांडल्याचं दाखवेल. एक मात्र लक्षात ठेव, एफगेट्स शेवटचा एंटरही अ‍ॅरेत ठेवतं, तो काढला नाहीस तर स्ट्रिंगकंपेअर जुळणार नाही आणि तू उगाच दुसरीकडे चूक शोधत बसशील.