आधी पन्हळी बघ, पोस्टर नंतर

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम. तुझा लांबलचक मेसेज नीट वाचला. पीसीसीवर, म्हणजे चर्चच्या कारभार समितीवर, को-ऑप्ट केलं आणि वर इको चर्चचं, म्हणजे चर्चनं पर्यावरण जपायच्या योजनेचं, कामही तुझ्याच गळ्यात घातलं हे वाचून खूप आनंद झाला, आपल्या नाशिककडची मुलगी इंग्लंडातल्या खेड्यातल्या अँग्लिकन चर्चमध्ये देवाच्या सृष्टीची काळजी घ्यायला उभी राहते ही साधी गोष्ट नाही. पण पुढं तू लिहिलंयस की सगळे सत्तरीपुढचे, क्लायमेटचं कुणाला काही पडलेलं नाही, मीटिंगमधला अर्धा तास नुसता छपराच्या पन्हळींवर गेला आणि तुझ्या पोस्टरला पाचच मिनिटं मिळाली. तिथं मात्र मला तुझ्याशी बोलावंसं वाटलं. मीही या देशात चर्चचीच कामं करत म्हातारी झालेय म्हणून हक्कानं सांगते, तो अर्धा तासच क्लायमेटचा होता.

कसं ते बघ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळतात, ती पन्हळीत अडकतात, पाण्याला खाली जायला वाट राहत नाही मग ते भिंतीत मुरतं. ओली दगडी भिंत गार पडते, ती गरम करायला जास्त तेल जाळावं लागतं, आत तुळया कुजायला लागतात, आणि मग दुरुस्तीचा आकडा असा येतो की मंडळीची सगळी शिल्लक त्यातच जाते आणि हिरव्या कामाला पैसाच उरत नाही. शिवाय पाऊस आता पूर्वीचा राहिलेला नाही. ऑक्टोबर 2022 ते मार्च 2024 हे 18 महिने इंग्लंडात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचे सगळ्यात ओले होते, आणि जुन्या चर्चच्या पन्हळी एवढं पाणी वाहून न्यायला बांधलेल्याच नाहीत. तेव्हा पुढच्या जोरदार पावसात छत्री घे, तुमच्या चर्चवॉर्डनला, म्हणजे इमारतीची जबाबदारी असलेल्या सभासदाला, बरोबर घे आणि चर्चभोवती एक चक्कर मार, पाणी कुठून उडतंय, भिंत कुठं हिरवी झालीय, कुठला पाइप तुंबलाय हे पावसातच दिसतं, उन्हात नाही दिसत. शिडीवर मात्र तू चढू नकोस, त्याला माहितगार माणूस बोलवा. त्या एका चकरेनं तो वॉर्डन तुझा होईल. आणि एकदा तो तुझा झाला की बाकीचं अर्धं काम झालंच म्हणून समज.

हीटिंगचंही तसंच. फेब्रुवारी 2020 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडनं, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सभेनं, 2030 पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं, लक्ष्य ठरवलं, आधी प्रस्तावात 2045 लिहिलेलं होतं, सिनडमध्ये दुरुस्ती आली आणि ते पंधरा वर्षं अलीकडं आलं. 2022 च्या जुलैत त्याचा आराखडा मंजूर झाला आणि त्याच महिन्यापासून परवानगीचे नियमही बदलले, म्हणजे जुना तेलाचा किंवा गॅसचा बॉयलर काढून गुपचूप तसाच नवा बसवता येत नाही, फॅकल्टी, म्हणजे चर्चची अधिकृत परवानगी, मागावी लागते आणि दुसरे पर्याय पाहिले का ते सांगावं लागतं. हे तू मीटिंगमध्ये भाषणासारखं सांगू नकोस. आधी खजिनदारांकडून तेलाची आणि विजेची बिलं घे, दर महिन्याला मीटर वाच, आणि ते आकडे चर्च ऑफ इंग्लंडच्या एनर्जी फूटप्रिंटच्या, म्हणजे ऊर्जावापराच्या हिशेबाच्या, फॉर्मात भर. बऱ्याच गावांत चर्च आठवड्यातून दोन-चार तासच उघडतं, त्यासाठी तेवढी उंच इमारत सगळीच्या सगळी तापवण्यात काय अर्थ आहे, माणसं तापली म्हणजे झालं. बाकाखालचे विजेचे हीटर, गाद्या, दाराला जाड पडदा, दाराखालच्या फटी बुजवणं, या गोष्टी आजीबाईंना लगेच पटतात कारण थंडी त्यांच्या गुडघ्यांना लागते. तिथून सुरुवात कर. सोलर पॅनेलचं स्वप्न जरूर बघ पण पहिल्याच मीटिंगला नको.

आता चर्चयार्ड, म्हणजे चर्चभोवतीचं कबरींचं आवार. हे मला फार जवळचं आहे म्हणून इथं मी जरा जास्त बोलणार. तू लिहिलंयस की "गवत वाढू द्या म्हटलं तर सगळे चिडले." चिडणारच गं! ज्या बाईच्या नवऱ्याची कबर तिथं आहे तिला वाढलेलं गवत म्हणजे आपल्या माणसाकडं दुर्लक्ष वाटतं, आणि तिचं चुकतं असं मला नाही वाटत. म्हणून सगळं चर्चयार्ड एकदम मागू नकोस. अलीकडच्या कबरी, वाट, दारापुढची जागा नीट कापलेलीच राहू दे, आणि मागचा एखादा जुना कोपरा, जिथं आता कुणाचे नातेवाईक येत नाहीत, तेवढाच माग. तिथलं गवत उन्हाळाभर वाढू द्यायचं, फुलं बी धरेपर्यंत थांबायचं, मग उन्हाळा संपता संपता कापायचं. पण कापलेलं गवत तिथंच टाकायचं नाही, दाताळ्यानं ओढून बाहेर काढायचं, हे फार महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच लोक विसरतात. गवत तिथंच कुजलं की जमीन सुपीक होते आणि सुपीक जमिनीत दांडगं गवतच माजतं, रानफुलांना हलकी जमीन लागते. (आपण शेतकऱ्यांची पोरं, खत कमी करा म्हटलं की आपल्याला चुकल्यासारखं वाटतं, पण इथं तसंच आहे.) यंदाच शरदात तिथं यलो रॅटल या रानफुलाचं बी टाका, ते गवताच्या मुळांवर जगतं आणि गवताचा जोर कमी करतं, त्याला हिवाळ्याची थंडी मिळाल्याशिवाय ते उगवत नाही म्हणून वसंतात टाकून उपयोग नाही.

आणि जिथं गवत आखूड आहे, कधी रासायनिक खत पडलेलं नाही, तिथं ऑक्टोबरात खाली वाकून बघ. लाल, पिवळ्या, नारिंगी टोप्यांच्या छोट्या अळंब्या दिसतील, वॅक्सकॅप म्हणतात त्यांना. नांगर न लागलेली, खत न पडलेली जुनी कुरणं या देशात फार थोडी उरलीत आणि चर्चयार्ड त्यातलंच एक, कारण पवित्र जमीन म्हणून तिथं शेकडो वर्षं कुणी नांगर घातला नाही. जुन्या कबरींच्या दगडांवरचे ते राखाडी-पिवळे डागही घासून काढू देऊ नकोस कुणाला, ते दगडफूल आहे, आपण मसाल्यात घालतो त्याच्याच कुळातलं. ब्रिटनमध्ये दगडफुलाच्या सुमारे 2000 जाती आहेत, त्यातल्या 700 हून जास्त चर्चयार्डांमध्ये सापडल्यात. आयव्हीच्या वेली सरसकट तोडू नका, ती शरदात फुलते आणि थंडी पडण्याआधीचा मधमाश्यांचा शेवटचा मोठा मध तिथंच असतो, भिंतीत किंवा कबरीत मुळं घुसवत असेल तिथली काढा, झाडावरची राहू दे. पानांचा एक ढीग कोपऱ्यात ठेवा, हेजहॉग, ते छोटे काटेरी प्राणी, त्यात शिरतात, आणि 5 नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटच्या होळीसाठी कुणी लाकडं रचून ठेवलीच तर पेटवायच्या आधी ढीग हलवून बघायला सांग. वटवाघळं छपरात असतील तर त्यांना हात लावायचा नाही, कायद्यानं संरक्षण आहे, ती नसतानासुद्धा त्यांची जागा बुजवता येत नाही. सकाळी येऊन वेदीवरच्या वटवाघळांच्या लेंड्या पुसणाऱ्या बाईची चिडचिडही ऐकून घे, तिचं काम कुणाला दिसत नाही. तिच्याबरोबर एक शनिवार पुसायला जा.

हार्वेस्टबद्दल, म्हणजे पीक आल्यावरच्या आभाराच्या उपासनेबद्दल, तू विचारलंस की सृष्टीचं काही त्यात कसं घालायचं. अगं, ते त्यात आहेच. आजची हार्वेस्टची उपासना कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी 1843 साली सुरू केली असं मानतात, नव्या धान्याची भाकर प्रभुभोजनाला आणायची त्यांची कल्पना. आता तुमच्या चर्चमध्ये वेदीपाशी बीनचे डबे आणि पास्त्याची पाकिटं येतात, तू त्याबद्दल जरा नाराजीनं लिहिलंयस. नाराज होऊ नकोस. ते डबे फूड बँकेत जातात आणि ज्यांच्या घरी जातात त्यांना त्याची गरज आहे. फक्त एक कर, हार्वेस्टच्या दोन-तीन आठवडे आधी फूड बँकेला फोन करून काय कमी पडतंय ते विचार, बीन आणि पास्ता बहुतेक वेळा ढिगानं असतो, टिकाऊ दूध, डब्यातलं मांस-मासे, साबण, डायपर असलं काही लागत असेल तर ती यादी नोटीस शीटवर छाप. आणि आपल्याकडं खेड्यातल्या मंडळीत हंगामाच्या रविवारी बाजरीची कणसं, भोपळा, कोंबडी सगळं यायचं आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा, तो कसा हसत-खेळत व्हायचा हे त्यांना सांग. हार्वेस्ट सपरच्या दिवशी लोकांच्या बागेतली सफरचंदं, भोपळे, जॅम यांचा तसाच लिलाव करून बघा, लोकांना आवडेल आणि त्या पैशात बी-बियाणं येईल. लेवीयच्या पुस्तकातलं ते वचन त्या दिवशी वाचायला माग, शेताच्या कडेपर्यंत कापू नको, सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. गरीब आणि पाखरं दोघांचीही सोय त्या न कापलेल्या कडेला होते, आणि तुमचा चर्चयार्डमधला कोपरा म्हणजे तरी दुसरं काय आहे.

त्या दिवशीची मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना तू कर. हे मी आग्रहानं सांगते. तुमच्या मंडळीत शेतकरी किती असतील, एखाददुसरा. पण तू पाऊस न आल्यावर घरात काय होतं ते पाहिलंयस, बोअरवेल कोरडी गेल्यावर वडील कसे गप्प बसतात ते पाहिलंयस. 19 जुलै 2022 ला लिंकनशरमधल्या कोनिंग्जबीला 40.3 अंश तापमान गेलं तेव्हा इथल्या लोकांना थोडीशी कल्पना आली, पण शेताची भीती म्हणजे काय हे तुझ्या आवाजातून त्यांना कळेल तसं कुठल्या चार्टमधून कळणार नाही. लांब नको, पाच-सहा वाक्यं पुरेत. इथल्या शेतकऱ्यासाठी आणि आपल्याकडच्या शेतकऱ्यासाठी एकाच वाक्यात प्रार्थना कर.

चर्चमध्ये फुलं सजवणाऱ्या गटाशी भांडू नकोस. त्या बायका वापरतात तो हिरवा फोम प्लास्टिकचा असतो, चुरा होऊन मातीत-पाण्यात जातो, हे खरं. पण "हे पर्यावरणाला घातक आहे" असा कागद चिकटवून कुणी सवय बदलत नाही. आरएचएसनं, म्हणजे इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं, आपल्या फुलांच्या शोमध्ये 2021 पासून तो बंद केलाय, हे त्यांना सांगितलंस तर लगेच कान टवकारतील कारण त्या तिथल्या बक्षिसांच्या गोष्टी करतात. मग कोंबडीच्या जाळीचा गोळा करून त्यात फुलं कशी उभी राहतात ते त्यांच्यातल्याच एखादीला करून दाखवायला सांग, जुन्या बायकांना ते येतं, फोम यायच्या आधी त्या तसंच करायच्या.

तू विचारलंयस की हे सगळं चर्चचं काम आहे का, की आपण एनजीओ झालोय. अँग्लिकन चर्चनं मिशनची, म्हणजे चर्चच्या जगातल्या कामाची, म्हणून ज्या खुणा ठरवल्या त्या 1984 साली चारच होत्या, सृष्टीची अखंडता राखायची ही पाचवी 1990 मध्ये जोडली. आणि 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, संत फ्रान्सिसच्या दिवसापर्यंत, जो सृष्टीचा काळ आपण पाळतो त्यातला 1 सप्टेंबर हा प्रार्थनेचा दिवस ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क दिमित्रिओस यांनी 1989 साली जाहीर केला, म्हणजे हे काही आज-कालचं फॅड नाही आणि एकट्या इंग्लिश लोकांचंही नाही. आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात उभं राहिलं तेसुद्धा याच अँग्लिकन कम्युनियनमध्ये आहे, तेव्हा तू तिथं पाहुणी म्हणून बसू नकोस. उत्पत्तीत माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. राखण करणारा माणूस रोज जातो, बघतो, मोडलेलं नीट करतो, तेवढंच काम आहे आपलं.

इको चर्चच्या ब्राँझ पुरस्कारासाठी घाई करू नकोस. तो फॉर्म उपयोगी आहे, उपासना, इमारत, जमीन, समाज, राहणीमान असे सगळे भाग त्यात आहेत, पण एका रविवारी कॉफीच्या वेळी चार-पाच जणांना बसवून भर, एकटीनं लॅपटॉपवर भरू नकोस. बऱ्याच प्रश्नांना "हे तर आम्ही करतोच की" असं उत्तर येईल, आणि ते त्यांच्याच तोंडून यायला हवं.

नोव्हेंबर जड जाईल तुला. घड्याळं मागं जातात, चारला अंधार पडतो, ऑल सोल्सला गेलेल्यांची नावं वाचतात, मग युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा रिमेंब्रन्स संडे. त्या दिवशी कागदी पॉपीचं फूल लाव, 2023 पासून प्लास्टिक नसलेली मिळते, पण त्यावर कुणाला काही बोलू नकोस, तो दिवस त्यांच्या गेलेल्या माणसांचा आहे. संध्याकाळी एकटी खोलीत बसण्यापेक्षा चर्चमध्ये वॉर्म स्पेस, म्हणजे थंडीत सगळ्यांना येऊन बसायला उबदार जागा, चालवत असतील तर तिथं जा, सूप ढवळ, म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐक. तिथं तुला कळेल गावातला ओढा पूर्वी कुठून वाहायचा, गव्हाणी घुबडं कधी दिसेनाशी झाली, चर्चयार्डमधलं यूचं झाड कुणाच्या आजोबांनी तोडू दिलं नाही. ते लिहून ठेव, तुमच्या जमिनीच्या प्लॅनमध्ये लागेल.

पुढच्या पीसीसीच्या अजेंड्यावर दोनच गोष्टी टाक, मीटर कोण वाचणार आणि मागचा कोपरा पुढच्या एप्रिलपासून कापायचा नाही याला मंजुरी. गवत कापणाऱ्या काँट्रॅक्टरला ते लेखी जाऊ दे, नाहीतर मे महिन्यात तो सवयीनं सगळं सपाट करून जाईल. कोपऱ्याचा नकाशा मला पाठव, मी बघून देते.

तुझी,
मावशी