निर्बंध नाही हो, खोडा!

प्रश्न असा आलाय की २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियाचा कोळसा अडवून धरला, त्याला मराठीत निर्बंध म्हणायचं, बहिष्कार की नाकेबंदी?

निर्बंध तर अजिबात नाही, न्यूज चॅनलवाले हा शब्द जिथेतिथे फेकतात ते ऐकून डोकं फिरतं. निर्बंध म्हटलं की कागद आला, सही-शिक्का आला. सावरकर तर 'कायदा' शब्दाऐवजीच 'निर्बंध' वापरायचे, आता बोला! ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर ८० टक्क्यांच्या वर ड्युटी बसवली ती उघड, कागदावर. कोळशाचं तसं नव्हतं, जहाजं बंदराबाहेर ताटकळत उभी आणि विचारलं तर कोळसा पर्यावरणाच्या निकषात बसत नाही, क्वारंटाइनचे नियम आहेत वगैरे. मुंबईच्या कंपनीचं 'जग आनंद' हे जहाज असंच चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर महिनोन् महिने अडकलं होतं, वर २३ भारतीय खलाशी, ना माल उतरवता येतोय ना घरी जाता येतंय.

बहिष्कार लोक घालतात, सोडून द्या. नाकेबंदीला नाका लागतो. २०१५ मध्ये भारत-नेपाळ सीमेवर रक्सौल-बीरगंजला ट्रक अडले तेव्हा नेपाळी लोक 'अघोषित नाकाबन्दी' म्हणाले ते चपखल होतं, भारत सरकार आम्ही काहीच अडवलं नाही म्हणत राहिलं तरी.

समुद्रातल्या या प्रकाराला आपला शब्द आहे खोडा! मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून बघा. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं भोकांचं लाकूड (गुराच्या गळ्यात असतं ते लोढणं, ते वेगळं). कैदी उघड्यावर बसलेला, कोठडी नाही, दाराला कुलूप नाही, पण हलता येत नाही. २०१० मध्ये चीनच्या तुरुंगातल्या बंडखोर लेखकाला, लिउ श्याओबोला, नॉर्वेत शांततेचं नोबेल दिल्यावर नॉर्वेच्या सामन माशाच्या तपासण्या अशाच लांबल्या, २०१७ मध्ये अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला जागा दिली म्हणून दक्षिण कोरियाच्या लोट्टे कंपनीची चीनमधली दुकानं आगीच्या सुरक्षेचं कारण काढून बंद पाडली, सगळा खोडाच.

आता व्युत्पत्ती. झाडाचं खोड, त्याचा ओंडका, त्यातून खोडा, सरळ आहे. पण आमच्यातले एक जाणकार तो 'खोडणे'वरून आणतात. अहो, खोडणे म्हणजे लिहिलेल्यावर रेघ मारणं, त्यात लाकूड कुठून आलं? उलट संस्कृतात 'खोड' म्हणजे लंगडा असाही अर्थ आहे, तो यांना दिसत नाही! पाय अडकला की माणूस लंगडाच की. अंगातली वाईट खोड आणि दुसऱ्याची काढायची खोडी पण याच घरातल्या असं माझं ठाम मत आहे, कोशवाल्यांना पटो न पटो.