दोन टनांचा एसी आणि पाच लाखांचा विमा

प्रश्न : जुळे सोलापुरात शेवटच्या मजल्यावर फ्लॅट आहे. दहा बाय बाराच्या बेडरूमला दुकानदार दोन टनांचा एसी सुचवतो, ५४ हजार. दीड टनाचा ४० हजारांना आहे. कोणता घ्यावा? पैशांसाठी यंदा पॉलिसीचा ५० हजारांचा तिसरा हप्ता भरणार नाही. बँकेतल्या मॅडमनी ती 'एफडीसारखीच' म्हणून दिली होती. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ११ लाख. विमा ५ लाख. वय ३६, पगार ४८ हजार, गृहकर्ज १४ लाख बाकी. पत्नी घरी, मुलं दोन.

उत्तर : दीड टनाचा घ्या. १२० चौरस फुटांना एरवी एक टन पुरतो. पण तुमच्या डोक्यावर गच्ची तापते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, म्हणून अर्धा टन जास्त. दोन टन ही दुकानदाराची गरज आहे, खोलीची नाही. वीजबिल महिन्याला ३०० युनिटांच्या आत राहील असं बघा, त्यापुढे महावितरणचा दर चांगलाच चढतो. सोसायटी परवानगी देत असेल तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या.

एसीचं एवढंच. माझी झोप उडवली ती तुमच्या विम्यानं. उद्या तुमचं काही झालं तर पाच लाखांत कर्जसुद्धा फिटत नाही. १२० चौरस फुटांना दोन टन, आणि चार माणसांच्या घराला पाच लाख! तुमचा वर्षाचा पगार पावणेसहा लाख. त्याची दहा पट, वर कर्ज : ७०-७५ लाखांचा टर्म इन्शुरन्स हवा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. तुमच्या वयाला वर्षाचा हप्ता साधारण बारा-चौदा हजार. म्हणजे दीड टनाचा एसी आणि टर्मचा पहिला हप्ता मिळून तेच ५४ हजार. तंबाखूचा मावा खात असाल तर अर्जात खरं लिहा. हप्ता वाढेल, पण पुढे क्लेम अडकणार नाही.

ती पॉलिसी एफडीसारखी अजिबात नाही. दहा हप्त्यांच्या पाच लाखांचे अकरा म्हणजे 'दुपटीहून जास्त' वाटतं; हिशेब केला तर वर्षाला जेमतेम पाच टक्के. हप्ता थांबवा, पण टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच. तोवर जुनी सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे घेतले, तर किती मिळतील आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती, हे लेखी मागवा. मॅडम 'आता सोडलीत तर नुकसान' म्हणतीलच. उरलेल्या आठ हप्त्यांचे चार लाख होतात, हे त्यांनाच मोजायला सांगा.