इख्तिलाफ, खिलाफत आणि तफावत

प्रश्न असा आहे: कुराणाच्या चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात (अन्-निसा, आयत म्हणजे वचन 82) म्हटलंय की हा ग्रंथ अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाकडून आला असता, तर लोकांना त्यात पुष्कळ 'इख्तिलाफ' सापडला असता. प्रश्नकर्त्यांनी मराठीत इथे 'विरोधाभास' वाचलं. पण हाच शब्द दुसरीकडे रात्र आणि दिवस यांच्यासाठी येतो. मग नेमका अर्थ कोणता? आणि बातम्यांत ऐकू येणारी 'खिलाफत करणे' ती यातलीच का?

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तो प्रयोग कानावर पडला की डोकं उठतं. 'विरोधकांनी निर्णयाची खिलाफत केली' हे वाक्य चूक आहे. खिलाफत म्हणजे खलिफाचं, मुस्लिम जगाच्या प्रमुखाचं, पद. विरोधाला शब्द आहे 'मुखालफत'. तोंडाला जड वाटत असेल तर सरळ 'विरोध केला' म्हणा, मराठीला काही कमी पडत नाही. या एका गोंधळापायी 1919 ते 1924 ची खिलाफत चळवळ म्हणजे 'इंग्रजांच्या खिलाफ चळवळ' असं शिकलेली माणसंसुद्धा सांगतात. ती तुर्कस्तानच्या उस्मानी खलिफाचं पद टिकावं म्हणून होती. भायखळ्याला खिलाफत हाउस आजही उभं आहे, त्याचं नाव त्या पदावरून आहे.

तरी खिलाफ आणि खिलाफत सख्खी भावंडं आहेत, हेही खरं. धातू एकच, ख-ल-फ. मूळ कल्पना 'मागे'. खल्फ म्हणजे पाठीमागचं. आयतुल कुर्सी या कुराणातल्या प्रसिद्ध आयतीत 'त्यांच्या पुढे जे आहे आणि मागे जे आहे' असं येतं, त्यातलं 'मागे' ते हेच. मागून येऊन जागा घेणारा तो खलिफा. पाठ फिरवून दुसऱ्या बाजूला जाणं ते खिलाफ. आपल्या जुन्या कागदांतलं 'बरखिलाफ' तिथूनच आलं. अरबीत धातूची अक्षरं ठरावीक साच्यांत बसवून शब्द घडतात. आता या धातूला असाच एक साचा लावा (इंतजाम, एतबार, इख्तियार हे सगळे त्याच साच्यातले), की होतो इख्तिलाफ. एकानं दुसऱ्याच्या मागून येणं, एकाची वाट दुसऱ्याहून वेगळी असणं.

हे नाम कुराणात सात वेळा येतं. पाच वेळा 'रात्र आणि दिवस यांचा इख्तिलाफ', म्हणजे त्यांचं आळीपाळीनं येणं. एकदा, तिसाव्या सूरेत, 'तुमच्या भाषांचा आणि रंगांचा इख्तिलाफ', आणि तिथे तो ईश्वराची खूण म्हणून गौरवानं सांगितलाय. उरली एकच जागा, ती प्रश्नातली. सातातल्या सहा ठिकाणी विसंगतीचा मागमूस नाही. रात्र दिवसाला खोडून काढत नाही, ती त्याच्या मागून येते. पंचविसाव्या सूरेत तर रात्र-दिवसाला याच धातूचा 'खिल्फा' हा शब्द वापरलाय, एकमेकांच्या जागी येणारे. राघिब अल-इस्फहानीनं कुराणातल्या शब्दांच्या कोशात हे लख्ख मांडलंय: खिलाफ हा विरुद्धत्वापेक्षा व्यापक, कारण दोन विरुद्ध गोष्टी वेगळ्या असतातच, पण दोन वेगळ्या गोष्टी विरुद्ध असतातच असं नाही.

म्हणून 'विरोधाभास' मला मुळीच मान्य नाही. मराठीत विरोधाभास हा अलंकार आहे. विरोध भासतो, पण खरा नसतो. तो शब्द घातला की आयत म्हणेल, 'त्यांना वरवरचे, खोटे विरोध पुष्कळ सापडले असते'. म्हणजे युक्तिवादच कोसळला. 'विसंगती' त्याहून बरा, पण अरुंद. तर्कातल्या विसंगतीला अरबीत वेगळा शब्द आहे, तनाकुद. त्याचा धातू सोळाव्या सूरेत सूत कातून झाल्यावर ते उसवून टाकणाऱ्या बाईच्या दृष्टान्तात येतो. प्रश्नातल्या आयतीत तो शब्द नाही. तिथे तनाकुदच आहे असं गृहीत धरून कुराणावर टीका करणारे पंडित त्यातल्या चुका मोजतात आणि त्याची बाजू घेणारे त्या खोडतात. दोघांनीही शब्द नीट वाचलेला नाही.

जुन्या भाष्यकारांनी वाचला होता. दहाव्या शतकातला अबू मुस्लिम अल-इस्फहानी म्हणतो, इथला इख्तिलाफ म्हणजे वक्तृत्वाच्या पातळीतला चढउतार. माणसाचं लांबलचक लेखन कुठे उंच जातं, कुठे घसरतं. आणि जमख्शरी (मृत्यू 1144) आयतीचा अर्थ उलगडताना विसंगतीसोबत रचना, वक्तृत्व आणि अर्थ यांच्यातल्या फरकासाठी जे क्रियापद वापरतो, ते आहे 'तफावत'.

हो, आपली तफावत. जमाखर्चात येते ती, पगारांत असते ती. इथे मी थांबणार आहे, कारण इतका सुरेख शब्द आपण हिशेबाच्या वहीत टाकून दिलाय.

अरबी 'तफावुत'. धातू फ-व-त, अर्थ निसटणं, हातून जाणं. दोन बोटांमधल्या फटीला अरबीत फौत म्हणतात. आयुष्य निसटलं की माणूस फौत झाला. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे, आणि गावच्या दप्तरात फौती नोंद आजही आहे. या धातूला 'दोघांनी मिळून' असा अर्थ देणारा साचा लावला की तफावुत. त्याच साच्यातून आपल्याकडे तगादा आला आणि तमाशाही आला (मूळ अर्थ, बरोबरीनं फिरायला जाणं). राघिब तफावुतची फोड अशी करतो: गुणांमधला असा फरक, की जणू एकाचा गुण दुसऱ्याच्या हाती लागत नाही. दोन गोष्टी जुळायला हव्यात आणि मध्ये फट राहते, हे सगळं त्या एका शब्दात आहे.

आणि हा शब्द खुद्द कुराणात आहे. सदुसष्टाव्या सूरेत (अल-मुल्क, आयत 3) सात आकाशांबद्दल म्हटलंय: रहमानच्या (दयाळू ईश्वराच्या) निर्मितीत तुला कुठेही तफावुत दिसणार नाही. माझं ठाम मत असं की या दोन आयती जोडीनं वाचाव्यात. सृष्टीत तफावुत नाही, ग्रंथात इख्तिलाफ नाही. दावा एकच, एकदा आकाशाबद्दल आणि एकदा शब्दांबद्दल. दोन्हीकडे आधी नीट बघायला सांगितलंय, तिथे नजर परत वळवून, इथे मनन करून. अभ्यासकांना ही जोडी ओढूनताणून वाटली तरी चालेल. जमख्शरीनं एकाचा अर्थ दुसऱ्यानं सांगितलाय, मला तेवढं पुरे आहे.

तेव्हा मराठीत मी लिहीन: 'तर त्यांना त्यात पुष्कळ तफावत आढळली असती.' रात्र-दिवसाला 'आळीपाळीनं येणं', भाषा आणि रंगांना 'वेगळेपण'. सातही ठिकाणी एकच मराठी शब्द बसवायचा हट्ट धरू नये.

जाता जाता: अल-मुल्कच्या त्याच आयतीत पुढे विचारलंय, कुठे 'फुतूर' दिसतो का? तो आपल्या फितुरीशी जोडण्याचा मोह कृपया टाळा. आयतीतल्या फुतूरचा 'त' जड उच्चाराचा, अर्थ तडा. इफ्तार आणि ईद-उल-फित्र त्याच धातूचे, उपवास मोडण्याचे. आपल्या फितूरचा 'त' साधा, धातू निराळा, मूळ अर्थ ढिलाई. एकविसाव्या सूरेत देवदूत रात्रंदिवस स्तुती करतात आणि ढिले पडत नाहीत असं येतं, ते क्रियापद या दुसऱ्या धातूचं. देवनागरीत दोन्ही 'त' सारखेच दिसतात, त्यामुळे ही जोडी लावणाऱ्यांची फसगत होते.