गाईड काहीच बोलत नाहीत, म्हणजे मी नापास?

परदेशातल्या प्रयोगशाळेत चार-सहा महिन्यांसाठी गेलेली पीएचडीची मुलं समुपदेशनासाठी माझ्याशी ऑनलाइन बोलायला बसली, की शब्द बदलतात, पण गाऱ्हाणं तेच असतं. "इथले प्रोफेसर मला काहीच म्हणत नाहीत. त्यांचा माझ्याबद्दल भ्रमनिरास झालाय." इथे रागावणारे गाईड या मुलांनी पचवलेले असतात. गप्प बसणारे गाईड मात्र त्यांची झोप उडवतात. रासायनिक प्रक्रिया नियंत्रणात, म्हणजे कारखान्यातली प्रक्रिया हवी तशी चालू ठेवण्याच्या शास्त्रात, काम करणारी एक मुलगी हीच काळजी घेऊन आली होती, आणि तिला वाट तिच्याच विषयात सापडली. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला स्नेहल म्हणू. सांगली जिल्ह्यातली. वडील सहकारी साखर कारखान्यात पॅनमन. स्नेहल केमिकल इंजिनिअर होऊन मुंबईत पीएचडीला लागली आणि दोन संस्थांच्या संयुक्त प्रकल्पातून सहा महिन्यांसाठी उत्तर युरोपात गेली. डिसेंबरात तिथे दुपारी तीनच्या सुमारास अंधार पडायचा. माझ्याशी बोलणं सुरू झालं तेव्हा ती पहाटेपर्यंत जागत होती, आणि आईला फोनवर "मस्त चाललंय" म्हणून सांगत होती.

तिचं काम होतं 'टेनेसी ईस्टमन' प्रक्रियेवर. डाउन्स आणि व्होगेल या दोघांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेलं हे एका खऱ्या रासायनिक प्रक्रियेवर बेतलेलं संगणकीय प्रारूप आहे. त्यात ४१ मोजमापं आहेत आणि आपल्याला बदलता येतील अशा १२ गोष्टी. कंपन्या आपल्या कारखान्याचा डेटा सहसा बाहेर देत नाहीत, म्हणून जगभरचे संशोधक याच एका कारखान्यावर आपापल्या युक्त्या तपासून बघतात. मुंबईतली विद्यार्थिनी आणि युरोपातला प्रोफेसर पहिल्या दिवसापासून एकाच प्रश्नावर बोलू शकतात ते यामुळे. हे सगळं तिने मला फार छान समजावून सांगितलं. जिला एवढं नीट सांगता येतं, तिला आपल्याला काही येत नाही असं का वाटतंय, हा प्रश्न माझ्या मनात तिथेच उभा राहिला.

"काम वाईट आहे असं ते म्हणाले का?"

"नाही मॅडम. पण चांगलं आहे असंही नाही म्हणाले."

"मग वाईट आहे हे कोण म्हणालं?"

बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली. "मीच."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी विचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिच्यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. माणूस घटनेने तितका कोसळत नाही, जितका त्या घटनेला त्याने लावलेल्या अर्थाने कोसळतो. प्रोफेसर गप्प होते, ही घटना. "त्यांनी माझं कौतुक केलंच पाहिजे, नाहीतर मी नालायक," हा स्नेहलचा अर्थ. कौतुक व्हावं अशी इच्छा असण्यात काही गैर नाही. त्या इच्छेचा हुकूम झाला की त्रास सुरू होतो. हे तिला पटत होतं, पण वहीत उतरवून घेतल्यासारखं. झोप काही परत येत नव्हती.

मग एके दिवशी मी तिला म्हटलं, "तुझा विषय मला असा सांग, जसा आईला सांगशील."

तिने गच्चीवरच्या सोलरचं उदाहरण दिलं. खालच्या बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ उघडला तरी आधी पाइपातलं गार पाणी येत राहतं. आपण वैतागून नळ आणखी फिरवतो, आणि गरम पाणी पोचतं तेव्हा हात भाजतो. मग घाईघाईने उलटा फिरवतो आणि गारठतो. "या उशिराला आम्ही डेड टाइम म्हणतो. नळ फिरवणारा हात म्हणजे कंट्रोलर, आणि बघायचं, बदलायचं, पुन्हा बघायचं, हे चक्र म्हणजे लूप. झिगलर आणि निकोल्स यांचा १९४२चा कंट्रोलर ट्यून करायचा, म्हणजे नळ किती जोरात फिरवायचा ते ठरवायचा, नियम जरा आक्रमक आहे. स्कोगेस्टाड यांचा २००३चा नियम मला आवडतो. त्यांचं म्हणणं, लूपचा वेग निदान त्या उशिराएवढा तरी संथ ठेवा. उशीर जितका मोठा, तितका कंट्रोलर शांत."

बोलताना तिचा चेहरा उजळला होता. मी विचारलं, "तुझं काम प्रोफेसरांपर्यंत पोचून त्यांचं मत तुझ्याकडे यायला किती वेळ लागतो?"

"ते सावकाश वाचतात. तीन आठवडे तरी."

"आणि तू दिशा कधी बदलतेस?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबली. पहिल्या आठवड्यात ती साध्या पीआयडी लूपची, म्हणजे नेहमीच्या प्रकारच्या कंट्रोलरची, नवी मांडणी घेऊन गेली होती. प्रोफेसर "बघू या" म्हणाले. पुढच्या सोमवारी ती मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल (पुढचा अंदाज बांधून नियंत्रण करायची पद्धत) घेऊन गेली, त्याच्या पुढच्या सोमवारी मशीन लर्निंग. पहिल्या कामावरचं मत यायच्या आतच तिने ते टाकून दिलेलं असायचं.

"दर सोमवारी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "लूप मीच अस्थिर करतेय."

अशा क्षणी मी काही बोलत नाही. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट शिकता आली आहे. माणसाला कळायचं असतं ते पुष्कळदा त्याच्याच ज्ञानात असतं. स्वतःला मात्र तो त्यातून वगळत असतो. पाइपला उशीर माफ करणारी ही मुलगी स्वतःला तीन आठवडेसुद्धा देत नव्हती. सल्ला बाहेरून आला असता तर तिने तो नम्रपणे ऐकून सोडून दिला असता. हा निष्कर्ष तिने स्वतःच्या समीकरणातून काढला होता, त्यामुळे तो नाकारणं तिला शक्य नव्हतं.

पण नुसतं थांबणंही पुरेसं नव्हतं. मोजमापाशिवाय नियंत्रण होत नाही, हेही तिचाच विषय सांगतो. विचारायचीच तिला भीती वाटत होती. "विचारलं तर म्हणतील, हिला एवढंही येत नाही." आम्ही मिळून एक छोटी मेल तयार केली. काय झालं, कुठे अडलं, कोणता निर्णय हवा. तीनच ओळी. माफी मागणारं एक वाक्य तिने घातलं होतं, ते मी काढायला लावलं.

उत्तर आलं. तिची पहिली मांडणीच त्यांना सर्वांत पुढे नेण्यासारखी वाटली होती. तिने ती स्वतःहून सोडली असं समजून ते मध्ये पडले नव्हते. तिथे पीएचडीच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र संशोधक मानतात. आपल्याकडे गाईड सांगतात आणि विद्यार्थी करतो. तिथे विद्यार्थी विचारेपर्यंत गाईड थांबतात. दोन्हींकडे आदरच आहे, पण तो दाखवायची रीत कुणी कुणाला सांगत नाही, आणि मधल्या मधे एखादी स्नेहल रात्र रात्र जागते.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. पहिल्याच आठवड्यात विचारा: आपण किती दिवसांनी भेटायचं, आधी काय पाठवू, तुम्हाला वाचायला किती वेळ लागतो? यात कमीपणा नाही. सहा महिन्यांतले पहिले काही आठवडे नोंदणी, बँक खातं, सुरक्षा प्रशिक्षण यांत जातातच, ते धरून प्रश्न लहानच निवडा. डबा आपल्या कामाच्या टेबलावर एकट्याने खाऊ नका. स्नेहल तेच करायची, आणि जेवणाच्या वेळी बाकीच्यांमध्ये जे बोलणं व्हायचं ते तिला कधीच कळायचं नाही. सगळ्यांबरोबर कॉफी प्यायला लागल्यावर आठवड्याभरात तिला सोडवणुकीचे दोन धागे मिळाले. आणि आपण उपकारावर आलोय ही भावना इथेच सोडून जा. प्रक्रिया नियंत्रणाची डायकॉप्स ही आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली मुंबईत भरली होती. हे स्नेहलनेच शोधून मला सांगितलं, आणि तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीत ताठ बसली होती.

एक भेद मात्र ओळखायला हवा. लेखी विचारूनही पुन्हापुन्हा उत्तर येत नसेल, तर तो उशीर नाही. मग प्रकल्पाच्या समन्वयकांकडे किंवा तिथल्या पीएचडी कार्यालयाकडे जा, आणि इथल्या गाईडनाही लगेच कळवा. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, तर विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेची वेळ घ्या. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

स्नेहल आता मुंबईत परतली आहे. शोधनिबंध लिहून होतोय. लेखकांच्या नावांचा क्रम दोन्ही गाईडमध्ये अजून ठरलेला नाही. हे जाण्याआधीच लेखी ठरवून घ्यावं, असं मी आता सगळ्यांनाच सांगते. तिने दोघांना एकत्र मेल लिहिली आहे, तीन ओळींची, आणि ती मला न दाखवताच पाठवली.