थंडीत फुलांची रोपवाटिका: आधी दुकानदाराची चिठ्ठी बाजूला ठेवा

प्रश्न (तालुका निफाड): ॲस्टर आणि गलांड्याचं बी टाकून दहा दिवस झाले, उगवण नाही. दुकानदार ह्युमिक (मुळांसाठीचं टॉनिक) आणि 19:19:19 (विद्राव्य खत) सोडायला सांगतो. झेंडूची उगवलेली रोपं कोलमडतायत. काय करावं?

उत्तर: काहीही सोडू नका. मोड न आलेल्या बियाला खत कशाला? निफाडला रात्रीचा पारा 10 अंशांखाली गेला की उगवण रखडतेच, गलांडा तर दोन-तीन आठवडेही घेतो. वाफा उकरून बघण्याचा मोह आवरा. संध्याकाळी गोणपाट किंवा प्लॅस्टिक टाका, ऊन आलं की काढा. ॲस्टरच्या पुडीवरची तारीख मात्र आजच बघा. हे बी वर्षभरात म्हातारं होतं. मागच्या हंगामातलं असेल तर कुठल्याही टॉनिकनं ते जिवंत होणार नाही.

झेंडूला रोपमर आहे. बुडाशी पाणी धरल्यासारखा मऊ डाग दिसेल, पान वर हिरवंच असतं. कारण बहुतेक वेळा एकच: दाट पेरणी आणि संध्याकाळचं पाणी. पाणी सकाळी, झारीनं, वरची माती सुकल्यावरच. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे ताम्रयुक्त बुरशीनाशक 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम घेऊन एकदा आळवणी करा, म्हणजे द्रावण रोपांच्या बुडाशी ओता. दुकानात "थंडी आहे, 50 टाका" म्हणतील. टाकू नका, कोवळी मुळं भाजतात. आणि त्याच पंपात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोग रोखणारी मित्रबुरशी? अजिबात नाही. ताम्र त्या बुरशीला मारतं, म्हणजे दोन्हींचे पैसे पाण्यात. तरी दर हंगामाला ही जोडी एकाच बिलावर दिसते.

पुढच्या वेळी सपाट वाफा नको. 15-20 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मुरवून पेरणीच्या आठवडाभर आधी मिसळा. बी फोकू नका, बोटभर अंतराच्या ओळीत टाका, वर चाळलेल्या खताचा पातळ थर. मी सगळ्यांना हेच सांगतो, कारण ओळीत रोग वेळेवर दिसतो आणि आजारी ओळ उपटता येते. पुनर्लागण 25-30 दिवसांनी. थंडीत आठवडा जास्त लागला तर लागू द्या. रोप लवकर वाढावं म्हणून युरिया शिंपडू नका. लांबट, लुसलुशीत रोप शेतात पहिल्या उन्हातच मान टाकतं. मर लागलेल्या रानात पुन्हा ॲस्टर नको.

अनुदान: अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पूर्वसंमतीआधीचं बिल चालत नाही. बाकी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा.

शेवंतीचं बी कुणी विकत असेल तर घेऊ नका. शेवंती काश्यांपासूनच (बुडाशी फुटणाऱ्या कोंबांपासून) लावा.