आज तालीम नाही

बाळ,

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, सोबत रिकाम्या खुर्च्यांचा फोटो. आपल्या वाद्यवृंदाच्या तालमीला सतरापैकी सहा जण आले. खाली एवढंच लिहिलंस, ‘काका, थांबवूया का?’ मी फोटो मोठा करून बघितला. नोटेशनचे कागद सतराही स्टँडवर लावलेले होते. म्हणजे सहाच येणार हे कळल्यावरही तू ते काढले नाहीस. मला तिथंच उत्तर मिळालं. तुला ते तसं पटायचं नाही, म्हणून हे लांबण लावतोय.

मागं एकदा म्हणालीस, कोल्हापूर हे सिम्फनीचं, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संगीताचं, गावच नाही. त्या दिवशी मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. आज बसत नाही. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो ना? ते खरं मँचेस्टर तरी कुठं सिम्फनीचं गाव होतं? गिरण्या आणि धूर. १८४८ साली पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि चार्ल्स हॅले नावाचा जर्मन पियानोवादक तिथून इंग्लंडला निघून आला. मँचेस्टरचा वाद्यवृंद पहिल्यांदा ऐकल्यावर गाशा गुंडाळावा असं त्याला वाटलं होतं. पण राहिला. १८५७ साली त्या गावात मोठं कलाप्रदर्शन भरलं, त्यासाठी त्यानं चांगले चांगले वादक जमवले. प्रदर्शन संपलं, आता ही माणसं पांगणार हे दिसल्यावर त्यानं स्वतःच्या हिमतीवर कार्यक्रम सुरू केले. पहिला ३० जानेवारी १८५८ ला. त्या मोसमात तीस कार्यक्रम झाले आणि शेवटी त्याच्या हातात नफा पडला तो तीन पेनीची दहा नाणी. कार्यक्रमामागं एक पेनी! आणि तू मला सांगतेस, परवाच्या कार्यक्रमात सहाशेच रुपये उरले. लेकी, तू हॅलेच्या पुढं आहेस.

त्याचं नाव कशानं झालं? ठरलेला वार होता त्याचा, म्हणून. पुढं त्या गावात गुरुवार म्हणजे हॅले असं समीकरणच झालं. आपला मंगळवार. तो का निवडला हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मंगळवार अंबाबाईचा, त्या दिवशी बऱ्याच घरांत तांबडा-पांढरा नाही, म्हणून पार्ट्या नाहीत, म्हणून माणसं मोकळी सापडतात. इतका साधा हिशेब होता. मंगळवारची तालीम चुकवायची नाही. सहा आले तर सहा, दोघं आले तर दोघं. तालीम या शब्दाचा अर्थ कोल्हापूरच्या माणसाला समजावायला लागू नये. मैदान वर्षातून चारदा असतं, पण मातीत रोज उतरावं लागतं.

आपल्या गावाची खोड वेगळी आहे. आपल्याकडं नाव होतं ते एका गळ्याचं. १८९५ साली शाहू महाराजांनी अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून ठेवलं. त्याच वर्षी तिकडं हॅले वारला. पुढं काय झालं बघ. १९२२ ला महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. गायकी संपली नाही, त्यांच्या शिष्या केसरबाई आणि मोगूबाईंनी ती कुठल्या कुठं नेली, पण गावाच्या हातून निसटली ती निसटलीच. मँचेस्टरात हॅले गेल्यावर त्याच्या तीन मित्रांनी खर्चाची हमी घेऊन कार्यक्रम चालू ठेवले आणि १८९९ साली रीतसर संस्था काढली. मग हान्स रिश्टरसारखा नावाजलेला वाद्यवृंद-संचालक तिथं आला, आणि १९०८ साली एडवर्ड एल्गार या इंग्लिश संगीतकाराची पहिली सिम्फनी लंडनच्या आधी त्या धुरकट गावात वाजली. मला खाँसाहेबांबद्दल तक्रार करायची नाही, कान पकडतो. मी गावाबद्दल बोलतोय.

आता तुझा क्लॅरिनेटवाला. लग्नाच्या बँडमधला माणूस, त्याला नोटेशन येत नाही, म्हणून तू नको म्हणालीस. हे मला अजिबात आवडलं नाही. १९४३ साली वाद्यवृंद-संचालक जॉन बार्बिरोली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक सोडून मँचेस्टरला आला, तेव्हा हॅलेत, म्हणजे हॅलेच्या नावानं चालणाऱ्या त्या वाद्यवृंदात, जेमतेम तीसेक वादक उरले होते. बाकीचे युद्धावर नाहीतर रेडिओच्या वाद्यवृंदात. त्यानं महिनाभर दिसेल त्याला ऐकलं. पहिल्या बासरीला शाळकरी मुलगा, हॉर्नला एक शाळामास्तरीण, आणि पितळी वाद्यांना आसपासच्या बँडमधली माणसं. बँडमधली! एवढ्यावर त्यांनी ब्रॅडफर्डला कार्यक्रम केला, आणि लोकांनी जुन्या हॅलेचं नाव राखलं म्हणून मान डोलावली. नंतर त्याला याहून मोठ्या खुर्च्या चालून आल्या, तरी तो हललेला नाही. १९७० साली मरेपर्यंत त्याचं नाव हॅलेशीच जोडलेलं राहिलं. आणि तुला नोटेशनची अडचण? नोटेशन चार महिन्यांत येतं. फुंक यायला वीस वर्षं लागतात आणि ती त्याच्याकडं आहे. आता चातुर्मास आहे, लग्नं नाहीत, बँडवाले मोकळे आहेत. आत्ताच धर त्याला.

जागेचं रडगाणंही ऐकलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी त्या गर्दीत उभा होतो, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. १९१५ पासूनची वास्तू, माझ्या आयुष्यातला पहिला व्हायोलिनचा सूर मी तिथल्या पिटात ऐकला. दुःख कर, मीही केलंय. पण ते कारण म्हणून वापरू नकोस. मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल १९४० च्या डिसेंबरात बॉम्बनं जळाला आणि पुन्हा उघडला तो १९५१ साली. तोवर हॅले कुठं वाजवत होती? बेल व्ह्यूच्या किंग्ज हॉलमध्ये. ती सर्कशीची जागा, तिथं कुस्त्याही व्हायच्या, बाजूला प्राणिसंग्रहालय. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावात वाढलेल्या मुलीला याचं नवल वाटू नये.

मुंबईला वाजवायला आलेल्या बोलावण्याचं तू मुद्दाम शेवटी बोललीस, ते मला कळलं. तू म्हणशील, व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी काढली आणि तेही गेलेच की परदेशी. गेले. आणि गंमत म्हणजे पन्नाशीच्या दशकात बार्बिरोलीच्या हाताखाली हॅलेतच व्हायोलिन वाजवायला बसले. मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तो २००६ साली. एवढ्या मोठ्या शहरालाही पुन्हा नव्यानं मांडावं लागलं. तेव्हा जायचं तर जा, मी आडवा येणार नाही. फक्त मंगळवार सोबत नेऊ नकोस.

हे मी इतकं का ताणतोय ते सांगतो. १९८६ साली आमचा अकरा जणांचा संच होता. मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमची तालीम चालायची. व्हायोलिनवर पीठ बसायचं, गज पुसून पुसून हात दुखायचे. गणपतीत सिनेमाची गाणी वाजवायचो, पण मंगळवारी हायडनच्या एका सिम्फनीची फक्त पहिला भाग घोटत होतो. एका मंगळवारी मला सांगलीच्या कार्यक्रमाचे चारशे रुपये मिळत होते. दारावर खडूनं लिहिलं, ‘आज तालीम नाही’, आणि एसटीत बसलो. चारशे रुपये तेव्हा चारशे रुपये होते. बहिणीचं लग्न ठरलं होतं, सोसायटीचं कर्ज होतं, आणि दहाजणांना निरोप द्यायला तेव्हा मोबाइल नव्हते. पुढच्या मंगळवारी सात जण आले. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी परत खडू हातात घेतला. ती अक्षरं दिवाळीत रंग देईपर्यंत दारावर होती.

आमचा अकॉर्डियनवाला कळंब्याहून यायचा. परवा रंकाळ्यावर भेटला, काठी घेऊन फिरत होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “त्या दिवशी आलतो की मी. पाऊस लई होता. पेटी कॅरिअरला ट्यूबनं बांधलेली, वर युरियाचं पोतं. दारावरचं वाचलं नि गेलो माघारी.” चाळीस वर्षांत हे तो एकदाही बोलला नव्हता.

मला तेव्हा पर्याय नव्हता असं मी घरात सांगत आलोय. बायकोलाही ते पाठ झालंय. आणि पैशाचं म्हणशील तर खरोखरच नव्हता, तू तेव्हाची महागाई बघितलेली नाहीस. पण किल्ली गिरणीवाल्याकडं देऊन जाता आलं असतं. दहा जण वर बसून वाजवत राहिले असते. ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण माझ्याशिवाय तालीम होते हे मला मान्यच नव्हतं. तुझ्याही बोलण्यात हल्ली ‘मी नसले तर’ फार येतं. सांभाळ.

तेव्हा दुसरी किल्ली करून घे. महाद्वार रोडला दहा मिनिटांत करून देतात. ती व्हिओलावाल्या मुलाकडं दे, तो कमी बोलतो आणि वेळेवर येतो.

येत्या मंगळवारी मी येतो. सेकंड व्हायोलिनला शेवटच्या खुर्चीवर बसेन, बोटं आता तिसऱ्या पोझिशनच्या वर जात नाहीत. या पावसानं खुंट्या फुगल्यात, म्हणून जरा आधी येऊन सूर लावत बसेन. माझी गजाला लावायची राळ संपली आहे, तुझ्यातली दे. क्लॅरिनेटवाल्याशी काल मी परस्पर बोललो, रागावू नकोस. साडेसातला येतो म्हणालाय. त्याच्यासाठी अठरावा स्टँड मांड.

काका